सिंहाच्या जबड्यावर हात

मुलुंडच्या नवघर रस्त्यावरच्या सुखनिवास सोसायटीत मार्तंड आप्पांना लोक दोन गोष्टींसाठी भीत. पहिली त्यांचा आवाज. आप्पा दुसऱ्या मजल्यावर शिंकले की तळमजल्यावरची मांजर जागा बदलायची. आयुष्यभर कोर्टात शिरस्तेदारी केलेली. साक्षीदाराला पुकारायला त्यांना कधी पट्टेवाला लागला नाही म्हणत. दुसरी गोष्ट त्यांची बत्तिशी. सत्तरीला टेकले तरी आप्पांचा एकही दात पडलेला नव्हता. आख्खी सुपारी ते अडकित्त्याशिवाय फोडत, आणि ती फुटल्याचा आवाज समोरच्याला नीट ऐकू गेला की नाही हेही बघत. ज्याच्या तोंडात पुरे बत्तीस दात, त्याच्या तोंडून निघालेला शब्द खरा होतो, असं त्यांच्या आईने त्यांना लहानपणी सांगून ठेवलं होतं. आईवर आप्पांचा पूर्ण विश्वास होता, आणि आप्पांवर सोसायटीचा.

विश्वास बसायला कारणंही झाली होती. गच्चीला डांबर लावून घेताना आप्पा सेक्रेटरींना म्हणाले होते की हे डांबर गोकुळाष्टमी बघणार नाही. नाहीच बघितलं. मुलुंडात न गळणारी गच्ची कुणाची आहे, हा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही. खालच्या कुंदाताईंनी आपल्या मुलाला दहावीच्या परीक्षेआधी आप्पांच्या पाया पडायला आणलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "होशील पास. गणितात धापा टाकशील." पोरगा गणितात काठावर सुटला आणि कुंदाताई पेढे घेऊन आल्या. तेव्हापासून कुणाची मुलाखत असो, मुलगी बघायला जायचं असो की लॉटरीचं तिकीट काढायचं असो, माणूस आप्पांच्या दारावरून जरा रेंगाळतच जायचा. आणि भांडण मात्र त्यांच्याशी कुणी करायचं नाही. रागाच्या भरात त्यांच्या तोंडून काही निघून गेलं तर निस्तरायचं कुणी?

अशा घरात सुहासिनी तीन वर्षांपूर्वी सून म्हणून आली. तिचे वडील पोस्टमास्तर. ते इतकं हळू बोलत की तिकीट मागणारा खिडकीत डोकं घालायचा. सासरी पहिल्या दिवशी आप्पांनी "चहा" असं म्हटलं आणि तिच्या हातातून कप पडला. नवरा बाळ बँकेत होता. काउंटरवर आलेल्या कसल्याही आडमुठ्याला तो वठणीवर आणी, पण घरचा उंबरा ओलांडला की त्याच्याकडे दोनच शब्द उरत. "हो, आप्पा." सासूबाई सुहासिनीच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. आणि या घरात आणखी एक माणूस होतं, ज्याचं नाव घ्यायचं नाही असा दंडक होता. ते म्हणजे आप्पांची मुलगी शुभा.

ती हकिकत बाळने बायकोला हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी सांगितली. शुभाने घाटकोपरच्या लवू नावाच्या मुलाशी नोंदणी लग्न केलं होतं. लवूचे लोक मालवणकडचे, वडील गिरणीत. संप झाला, गिरणी बसली ती बसलीच, आणि लवू टीव्ही दुरुस्त करायला शिकला. लग्नानंतर दोघं नमस्कार करायला आली तेव्हा आप्पांनी लवूला दारातच उभं ठेवलं आणि शुभाला, सगळा जिना ऐकेल अशा आवाजात, म्हणाले की सुखाचा घास तुझ्या तोंडाला लागणार नाही. त्यानंतर ती आली नाही. बाळ मधूनमधून गुपचूप तिला भेटून येई आणि जेवताना भिंतीकडे बघत एखादी बातमी सोडून देई. लवूच्या दुकानात पाणी शिरलं. लवूची सायकल चोरीला गेली. शुभाला कावीळ झाली. अशी बातमी आली की आप्पा ताटावरून उठत. अजून यांचा राग गेला नाही, असं म्हणून बाळ मान खाली घालून जेवत राही.

सुहासिनी कुर्ल्याला एका रंगाच्या कंपनीत नोकरीला होती. तिथे तिच्या शेजारच्या टेबलावर फिलोमिना नावाची टायपिस्ट बसायची. वाकोल्याची, तोंडाची फटकळ, मनाने लोण्यासारखी. तिचा भाऊ बोटीवर होता. त्याने तिला लंडनहून टॅरो पत्त्यांचा एक जोड आणून दिला, आणि तिने तो ऑफिसात आणायला सुरुवात केल्यापासून जेवणाच्या सुट्टीत लोकांना डब्यात काय आहे याची शुद्ध राहिनाशी झाली. डिस्पॅचच्या धोंडूने पान ओढलं तर त्यावर घोड्यावर बसलेला सापळा निघाला. धोंडूने लगेच हाफ डे टाकला. फिलोमिनाने त्याला दहादा समजावलं की या पानाचा अर्थ मरण नाही, नुसता बदल. पुढच्याच महिन्यात त्याची ठाण्याच्या गोदामात बदली झाली. तेव्हापासून तिच्याकडे साहेबही डोकावून जाऊ लागले.

सुहासिनीला असल्या गोष्टींची हौस नव्हती. घरात एक भविष्य सांगणारं माणूस तिला पुरेसं होतं. पण एके दिवशी फिलोमिनाने पत्ते पिसून तिच्यासमोर धरलेच, आणि तिने एक ओढलं.

पानावर पांढऱ्या झग्यातली एक बाई होती. केसांत फुलं, कमरेला फुलांची माळ, डोक्यावर हवेत तरंगणारा एक आडवा आठ. तिच्यापुढे सिंह. ती जराशी वाकली होती आणि तिचे दोन्ही हात सिंहाच्या जबड्यावर होते. मागे एक निळा डोंगर. बाईच्या चेहऱ्यावर घाम नाही, भीती नाही. भाकरी थापता थापता सहज बाजूला बघावं तशी ती सिंहाकडे बघत होती.

फिलोमिना खूश झाली. हे स्ट्रेंग्थचं पान, म्हणाली, शक्तीचं. आडवा आठ म्हणजे ज्याला शेवट नाही ते. पांढरा झगा म्हणजे मनात खोट नाही. फुलांची माळ बघ, सिंहाला बांधायला तिने साखळी आणलेली नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिच्या हातात हत्यार नाही. ही मारून जिंकत नाही, हात लावून जिंकते.

सुहासिनीने पान जवळ धरून बराच वेळ बघितलं. मग तिने एक साधाच प्रश्न विचारला.

"ही त्याचं तोंड उघडतेय की मिटतेय?"

फिलोमिनाने चष्मा वर सरकवला. पत्त्यांबरोबर आलेल्या पुस्तिकेत मिटतेय असं म्हटलंय, ती म्हणाली, पण वाकोल्याची तिची आंटी ठामपणे सांगते की उघडतेय. मग तीही बघत बसली. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी निकाल लागला नाही. सुहासिनीने ते पान थोडे दिवस घरी नेऊ का म्हणून विचारलं. ने, फिलोमिना म्हणाली. तोवर ऑफिसात कुणाला शक्ती मिळाली नाही तर काही बिघडत नाही, इथे तशी ती कुणाला लागतही नाही.

सुहासिनीने पान मागून घेतलं त्याला कारण होतं. गेला आठवडाभर घरातल्या सिंहाचं काहीतरी बिनसलं होतं. आप्पा सुपारी खाईनासे झाले होते. पोळी आमटीत बुडवून, बुडवून, तिचा लगदा करून डाव्या बाजूने गिळत. विचारलं तर कान दुखतोय म्हणाले. बाळने इमानेइतबारे कानात घालायचे थेंब आणले आणि आप्पांनी ते तितक्याच इमानाने घालून घेतले. पण स्वयंपाकघरातल्या लवंगा संपत चालल्या होत्या, आणि कानदुखीवर कुणी लवंगा चघळत नाही एवढं सुहासिनीला कळत होतं.

तिने एकदा सरळ विचारून बघितलं होतं. स्टेशनजवळ एक चांगला डेंटिस्ट आलाय, असं नुसतं म्हणाली. त्यावर आप्पा जे गरजले त्यात कुकरच्या दोन शिट्ट्या बुडाल्या. या तोंडाला आजवर कुणी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही, हे त्यांनी तिला, बाळला आणि समोरच्या इमारतीलाही कळवलं.

तिने पान स्वयंपाकघरातल्या फळीवर चहाच्या डब्याला टेकवून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर तिकडे जाऊ लागली. बाळने बघितलं आणि म्हणाला की बाई तोंड उघडतेय, आत काही अडकलंय का ते बघायला. खालच्या कुंदाताई विरजण मागायला आल्या, त्यांनी हात जोडले. देवीच आहे ही, म्हणाल्या, फक्त वाहनावरून खाली उतरलीय. दिवसभर बसून त्या बिचाऱ्या सिंहाची पाठ धरली असेल, म्हणून त्याला कुरवाळतेय. सुहासिनीला हा अर्थ आवडला, पण तिच्या कामाचा नव्हता. तिला जबडा उघडायचा होता, आणि तो कसा, हे पानावरची बाई सांगत नव्हती. नुसती वाकून उभी होती.

मग सुहासिनीनेही तसंच करायचं ठरवलं. दाताचा विषय बंद. तिने भात मऊ करायला सुरुवात केली, भाज्या जास्त शिजवल्या, पोळ्यांऐवजी धिरडी घातली. आप्पांच्या उशाशी तुरटीच्या कोमट पाण्याचा तांब्या ठेवू लागली आणि ते कशासाठी हे बोलली नाही. आप्पा गुळण्या करत आणि त्याही कानासाठीच आहेत असा चेहरा ठेवत.

शनिवारी तिला अर्धी सुट्टी असे. बाळ बँकेतून यायचा होता. ती गॅलरीत बसून मटार सोलत होती, तेवढ्यात स्वयंपाकघरात डबे वाजले. आप्पा लवंगा शोधत होते. मग डबे वाजायचे थांबले. थोड्या वेळाने आप्पा बाहेर आले, गालाला पंचाची घडी लावलेली, हातात ते पान. समोरच्या खुर्चीवर बसले. हे काय आहे म्हणून त्यांनी विचारलं, आणि तिने फिलोमिनाने सांगितलं होतं तेवढं सगळं सांगितलं: आठ, झगा, फुलं, डोंगर. आणि म्हणाली की बाकी सगळं कळलं, फक्त बाई तोंड उघडतेय की मिटतेय यावर एकमत होत नाही.

आप्पा पान लांब धरून बघत राहिले. मग, तिने तोवर कधी ऐकला नव्हता अशा हळू आवाजात, ते म्हणाले, "सगळे त्या बाईकडे बघताहेत. सिंहाकडे बघ."

सुहासिनी उठून त्यांच्या खुर्चीमागे गेली.

"शेपूट बघ. पायात घातलीय. हा काय तिला खायला आलाय? याला स्वतःलाच तोंड मिटायचंय. मिटता येत नाहीये. म्हणून आलाय तिच्याकडे."

तिचा हात, कसा कोण जाणे, आप्पांच्या खांद्यावर गेला. तीन वर्षांत तिने नमस्काराला पायांना लावला होता तेवढाच. आप्पांनी खांदा झटकला नाही. मटाराच्या टोपलीकडे बघत ते बोलायला लागले, आणि मग बोलतच राहिले.

दात दुखतोय हे त्यांनी कबूल केलं. उजवीकडची वरची दाढ, दोन महिन्यांपासून. पण ती काढून चालणार नव्हतं. शुभाला ते जे बोलले ते बत्तीस दातांनी बोलले होते. बोलताक्षणी त्यांना कळलं होतं की हे बोलायला नको होतं, पण तोवर ती जिना उतरून गेली होती. आणि मग बाळ एकेक बातमी आणत गेला. पाणी शिरलं. सायकल गेली. कावीळ झाली. प्रत्येक वेळी घास त्यांच्याच घशात अडकायचा. हे सगळं आपण केलं. आता ज्या तोंडाने शाप दिला त्याच तोंडाने तो मागे घ्यायला हवा. एकतीस दातांनी मागे घेतलेला शब्द कोण मानतो? म्हणून दात ठेवायचा, शुभाकडे जायचं, चांगला शब्द बोलायचा आणि मग काय पडायचं ते पडू दे.

"मग आज जाऊ या," सुहासिनी म्हणाली. "आत्ता. मी बरोबर येते."

आप्पांनी पंचा दुसऱ्या गालाला लावला आणि म्हणाले की घाटकोपर लांब आहे.

घाटकोपर मुलुंडपासून किती लांब आहे हे सगळ्या मुलुंडला ठाऊक आहे. सुहासिनीने वाद घातला नाही. तिने मटार संपवले.

दाताने मात्र आप्पांच्या धीर गोळा होण्याची वाट बघितली नाही. मंगळवारी सकाळी ते उठले तेव्हा उजवा गाल कलिंगडाच्या फोडीसारखा सुजला होता आणि एक डोळा त्याच्याआड लपला होता. बाळ घाबरून कानाचे थेंब घेऊन धावला. सुहासिनीने रजा टाकली, आप्पांच्या हातात टोपी दिली आणि चपला दारात सरळ करून ठेवल्या. आप्पा चपलांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी त्या घातल्या. जिन्यात कुंदाताई भेटल्या, त्यांच्या पुतणीला बघायला त्याच दिवशी मंडळी येणार होती; पण आप्पांचा चेहरा बघून त्यांनी शब्द मागायचं रहित केलं.

स्टेशनजवळचे डॉक्टर सामंत तरुण होते आणि नव्या दवाखान्याच्या उत्साहात होते. त्यांनी आप्पांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात एक चिमटा, एक आरसा आणि लाळ ओढणारी नळी एवढं सगळं घातलं, आणि कार्ड लिहून घेणाऱ्या मुलीला ऐकू जावं म्हणून दात मोठ्याने मोजायला लागले. सुहासिनी बाजूच्या स्टुलावर बसली होती. वरचे सोळा झाले. खालचे मोजत डॉक्टर दुसऱ्या टोकाला गेले आणि थांबले.

"खाली चौदा. एकूण तीस."

आप्पांचा उघडा डोळा गर्रकन वळला.

"आजोबा, तुमच्या खालच्या अक्कलदाढा उगवल्याच नाहीत," डॉक्टर म्हणाले. "बऱ्याच लोकांचं तसं असतं. काळजीचं काही नाही."

आप्पांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण चिमटा, आरसा आणि नळी यांच्यामधून नुसता "आ" बाहेर आला. डॉक्टरांना वाटलं दुखतंय, म्हणून त्यांनी लगेच इंजेक्शन दिलं. सुहासिनीला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. एवढ्या वर्षांत स्वतःचे दात मोजायचं यांना कधी सुचलं नसेल? पण आई बत्तीस म्हणाली की बत्तीस. आईचा हिशेब कोण तपासतो? आप्पांची ऐट, आप्पांचा दरारा, कुंदाताईंचे पेढे, सगळं दोन न आलेल्या दाढांवर उभं होतं. आता घरी गेल्यावर काय होईल? तोवर दाढ निघालीसुद्धा. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाताखाली दाबून धरायला सांगितला, दुपारपर्यंत जबडा बधिर राहील, बोलू नका, मऊ आणि कोमट काहीतरी खा, असं बजावलं.

रस्त्यावर आल्यावर ती घराकडे वळली. आप्पा वळले नाहीत. ते रिक्षाच्या रांगेकडे चालत गेले, पहिल्या रिक्षात बसले आणि सरकून तिला जागा केली. रिक्षावाल्याने कुठे म्हणून विचारलं.

"हाटोहर," आप्पा म्हणाले.

रिक्षावाल्याला कळलं नाही. सुहासिनीला कळलं.

आग्रा रोडवरून रिक्षा धडधडत निघाली. आप्पांनी समोरची दांडी घट्ट धरली होती आणि एका हाताने तोंडापुढे रुमाल. भांडुप मागे पडलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे वळून तीन बोटं वर केली, मग मूठ वळली. तीस. पुन्हा तीन बोटं, पुन्हा मूठ. डोळ्यांत पाणी होतं, ते दुखल्याचं असावं असं तिला आधी वाटलं. मग तिने नीट बघितलं. आप्पा हसत होते. अर्धंच तोंड हसत होतं, उरलेल्या अर्ध्याला अजून काही कळलेलं नव्हतं. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. बत्तीस दात नव्हतेच, म्हणजे शापही लागलेला नव्हता. दुकानातलं पाणी हे नुसतं पाणी होतं आणि कावीळ ही नुसती कावीळ.

लवूचं घर असल्फ्याच्या बैठ्या चाळीत होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागे बिऱ्हाड. सुहासिनी कधी आली नव्हती, पण बाळने सांगितलेल्या खुणा तिच्या लक्षात होत्या. दुकानात पोट उघडलेले टीव्ही एकावर एक ठेवले होते आणि त्यांच्यामागून एक डोकं वर आलं. लवूने आप्पांना ओळखलं. त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. तो काही बोलायच्या आत दारातल्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेली त्याची आई उठली. सुगंधाबाई अंगाने किडकिडीत होत्या, आवाजाने नव्हत्या. आत आवाज दिला, "शुभा गो, तुझो बापूस इलो."

मग त्यांनी आप्पांकडे मोर्चा वळवला. व्याही पहिल्यांदाच दारात आलेले, आणि ते काही बोलत नाहीत, ही गोष्ट त्यांना आधी खटकली, मग सुहासिनीने कारण सांगितल्यावर एकदम पटली. त्यांनी आप्पांना खुर्चीवर बसवलं, गालाची पाहणी केली आणि म्हणाल्या, "दात काढलात? बरा केलात. दात म्हणजे पावणो. रवलो तर रवलो, गेलो तर गेलो." त्यांचे स्वतःचे सगळे गेले होते आणि त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं. मग दात, गिरणी, संप, लवूचे वडील, गावचं घर, असल्फ्याचं पाणी असं त्या बोलत राहिल्या, आणि जन्मात पहिल्यांदा आप्पांना दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं लागलं. मध्येच त्या आत जाऊन उकड्या तांदळाची कोमट पेज घेऊन आल्या. आप्पांनी बोळा काढला आणि डाव्या बाजूने, मान तिरकी करून, प्यायला सुरुवात केली.

शुभा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हाताला कणीक तशीच. ती ना पुढे आली, ना आत गेली. सुहासिनीने तिला फोटोतच बघितलं होतं. फोटोपेक्षा ती जास्त आप्पांसारखी दिसत होती.

पेज संपता संपता आप्पांची जीभ थोडी वळायला लागली. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"शुभे, तीसच होते," ते म्हणाले.

तिला काही कळलं नाही. तिने सुहासिनीकडे बघितलं, आणि मग सुहासिनीनेच सगळं सांगितलं. दाढ, डॉक्टर, बत्तीस, शाप, पाणी, सायकल, कावीळ. सांगताना तिला वाटलं होतं की शुभा रडेल. शुभाच्या कपाळाला आठी पडली.

"कुठला शाप?"

आप्पा तिच्याकडे बघतच राहिले.

"मला काही ऐकूच आलं नाही, आप्पा. मी चप्पल शोधत होते. एक पायरीवर होती, दुसरी कुणाच्या तरी लाथेने खाली गेली होती. तुम्ही ओरडताय एवढं कळलं. तुम्ही ओरडायचातच."

आप्पांचा चेहरा मोठा बघण्यासारखा झाला. चार वर्षं ज्या शब्दाने त्यांना जेवू दिलं नाही तो ऐकलाच गेला नव्हता. त्यांना हायसं वाटलं असावं, पण थोडा अपमानही झाला असावा. "जिन्यात सगळ्यांना ऐकू गेलं," ते पुटपुटले. "तुलाच तेवढं नाही?"

"मग इतकी वर्षं आली का नाहीस गं?" सुहासिनीने विचारलं.

शुभाने उत्तर तिला दिलं नाही, आप्पांना दिलं. "तुम्ही याला दारात उभं ठेवलंत म्हणून. मला काय बोललात ते राहू दे. त्याला बस म्हणाला नाहीत."

सुगंधाबाईसुद्धा बोलायच्या थांबल्या. लवू मान खाली घालून एका टीव्हीतली वायर ओढत होता, जी ओढायची काही गरज नव्हती. आप्पांनी रुमालाने तोंड पुसलं. क्षमा मागायची सवय नसलेल्या माणसाला शब्द सापडत नाहीत, आणि त्यात अर्धा जबडा बधिर. ते उठले, लवूजवळ गेले, आणि त्याच्यापुढे पडलेल्या काचा-तारांकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

"आमचा टीव्ही," आप्पा म्हणाले, "बिघडलाय. रेघा येतात. रविवारी येऊन बघशील? बसून बघावा लागेल. वेळ लागेल. जेवायलाच या सगळे."

लवूने शुभाकडे बघितलं. शुभा कणकेचा हात पुसत होती.

"येतो," लवू म्हणाला.

परतताना रिक्षात, विक्रोळीच्या आसपास, आप्पांच्यात जुनं काहीतरी जागं झालं. ते सुहासिनीच्या कानाशी येऊन म्हणाले की गच्चीचं आपण म्हटलं होतं ते खरं झालं, कुंदाच्या पोराचंही झालं. बत्तीस दातांचं खरं होतं त्यात काय मोठंसं. आपलं तिसात झालं. हे कुणाला सांगायचं नाही, हेही त्यांनी वर बजावलं. आणि कुंदाच्या पुतणीचं जमेल म्हणावं. सुहासिनीने हो म्हटलं. ते जमलंही, त्याला इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने पान फिलोमिनाला परत केलं. काय ठरलं, फिलोमिनाने विचारलं, उघडते की मिटते? सुहासिनी म्हणाली की आमच्याकडे सिंहाला विचारलं, त्याला दोन्ही हवं होतं. फिलोमिनाने हे आंटीला सांगायचं म्हणून लक्षात ठेवलं.

रविवारी सुहासिनी लवकर उठली. पुरणाची डाळ शिजत घातली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की घरातला टीव्ही चांगला ठणठणीत आहे. काल रात्रीच्या बातम्या आरशासारख्या स्वच्छ दिसल्या होत्या. ती हे बाळला सांगायला गेली तर बाळ टीव्ही लावून समोर बसला होता, चेहरा अवघडलेला, आणि आप्पा घरात नव्हते. तेवढ्यात गच्चीवरून, सगळ्या नवघर रस्त्याला ऐकू जाईल असा आवाज आला.

"गेलं का रे चित्र?"

"नाही, आप्पा," बाळ खिडकीतून ओरडला. "अजून छान दिसतंय."

वर अँटेना करकरला.

"आता?"

"थोडं हललं. पण चेहरे ओळखू येतात."

आसपासच्या गच्च्यांवर रविवारी सकाळी माणसं अँटेना फिरवत असतच, चित्र यावं म्हणून. त्यातले दोन-तीन जण आपापली कामं थांबवून आप्पांकडे बघायला लागले. कोपऱ्यावर एक रिक्षा थांबली होती. शुभा उतरली, मग सुगंधाबाई, मग हत्यारांची पिशवी घेतलेला लवू. सुहासिनीने हात पुसले आणि खिडकीत येऊन वर मान केली.

"आप्पा, उरका," ती म्हणाली. "मंडळी आली."